सूपाचं कलम

मार्ला हुडाकला नगरसेवक व्हायचं नव्हतं. आमच्या गावात ज्याला व्हायचं असतं तो अर्ज भरतो, ओळखीच्यांच्या अंगणात आपल्या नावाच्या पाट्या रोवतो, चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत पोरांना गोळ्या वाटतो. तिसऱ्या प्रभागातून त्या वर्षी कुणीच अर्ज भरला नाही. मतपत्रिकेवर नुसती रिकामी ओळ होती, आणि अशा वेळी तिथे हाताने नाव लिहायची मुभा असते. काहींनी आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं. एकाने मेव्हण्याचं लिहिलं, सूड म्हणून. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मार्लाचं नाव बऱ्याच जणांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती मुलांसाठी बटाटे कुस्करत होती तेव्हा नगरपालिकेतून ती निवडून आल्याचा फोन आला. नाही म्हटलं तर काय होतं, असं तिने विचारलं. पलीकडची बाई गोंधळली. असं आजवर कुणी विचारलेलं नाही, बघून सांगते, म्हणाली. ती बघून परत फोन करेपर्यंत मार्लाचा नाही म्हणायचा जोर ओसरला होता.

तेव्हापासून दर निवडणुकीला ती म्हणते, यंदा बास. आणि दर निवडणुकीला तिसऱ्या प्रभागाची ओळ रिकामीच राहते. अंधारात उठून शाळा, दुपारी घरी येऊन सुजलेले पाय गरम पाण्यात, सोमवारी संध्याकाळी सभा. मधल्या वेळात फोन. रस्त्यातला खड्डा, शेजाऱ्याचं वाकलेलं झाड, बर्फ काढणारी गाडी नेमकी आमच्याच दारात ढीग का लावून जाते. मार्ला प्रत्येकाला सांगते, बघते. आणि मग खरंच जाऊन बघते. तिच्या चेहऱ्यावर कायम आत्ताच जिना चढून आल्यासारखे भाव असतात, आणि तिचं घर बैठं आहे.

पोर्ट एल्मरला पूर्वी शेगड्यांचा कारखाना होता. तो गेला, मग मेन स्ट्रीटवरचं तीन मजली कापडाचं दुकान गेलं. त्याच्या काचांना आतून खाकी कागद लावले होते, आणि उन्हाने ते इतके पिवळे पडले की नवी पिढी त्या इमारतीचा रंगच पिवळा समजत असे. अशात एक दिवस बातमी आली की हाडांच्या डॉक्टरांची एक मोठी कंपनी त्या इमारतीत यायला तयार आहे. वरच्या दोन मजल्यांवर बिलं करणारी माणसं बसतील, खाली दवाखाना. गावात त्यांना पहिल्या दिवसापासून हाडवाले म्हणायला लागले.

फुकट कुणी येत नाही. आमच्याकडे जो माणूस गावाच्या हद्दीत बसून काम करतो त्याच्या पगारातून गावाचा कर कापला जातो, मग तो झोपायला कुठेही जावो. नगरपालिकेने हाडवाल्यांशी करार केला: तुम्ही त्या इमारतीत ठरल्याइतकी माणसं बसवा, त्यांच्या करातला काही हिस्सा आम्ही तुम्हाला दर वर्षी परत देऊ. असे करार सगळीच गावं करतात. आमच्या करारात एकच कलम जगावेगळं होतं, आणि ते मार्लाचं होतं.

ती सभा अजून लोकांना आठवते. करारावर सही व्हायच्या आधी मार्लाने हात वर केला आणि विचारलं की या इमारतीत कँटीन असणार का. कंपनीचा माणूस म्हणाला, अजून ठरलेलं नाही. मार्ला म्हणाली, मग आत्ताच ठरवू या. आत खायला मिळालं तर ही माणसं सकाळी गाडीतून उतरून आत जातील आणि संध्याकाळी बाहेर येऊन गाडीत बसतील, आणि मेन स्ट्रीटला त्यांचा उपयोग काचेच्या टाकीतल्या माशांएवढा. लिहून द्या, आत स्वयंपाकघर करणार नाही. जेवायला रस्त्यावर यायचं. लोक हसले, पण कंपनीने लिहून दिलं. त्यांना तसंही भांडी घासायची हौस नव्हती. स्थानिक वर्तमानपत्राने मार्लाचा फोटो छापला आणि त्या कलमाला नाव दिलं, सूपाचं कलम. कुणाचं सूप, ते लिहायची गरज नव्हती. इमारतीच्या बरोब्बर समोर इर्मा सोबोटाची खानावळ होती, आणि इर्मा ही मार्लाची थोरली बहीण.

नगरपालिकेचे वकील कर्टिस वेंट यांनी तेव्हा यावर विचार केला होता. मेन स्ट्रीटवर इर्मा धरून पाच ठिकाणी खायला मिळत होतं. फायदा सगळ्या रस्त्याचा आहे, एकट्या बहिणीचा नाही, तेव्हा मार्लाने मत द्यायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं.

मार्लाच्या मनात मात्र रस्ता नव्हताच. त्याआधीच्या हिवाळ्यात इर्माचा नवरा गस गेला होता. खानावळ दोघांची, तो सूप करायचा, ती माणसं सांभाळायची. तो गेल्यावर इर्माने दाराला कुलूप लावलं आणि घरात जाऊन पडली. मार्ला रोज शाळा सुटल्यावर उरलेलं काहीतरी डब्यात घेऊन जायची, तर इर्मा त्याच गाऊनमध्ये, पडदे लावून अंथरुणात. मार्ला पडदे उघडायची, डबा पुढे ठेवायची आणि बोलत राहायची. आपली बहीण आता उठायची नाही, अशी भीती तिच्या पोटात बसली होती. कलम झालं आणि महिन्याभरात इर्माने कुलूप काढलं. मार्लाने ते दोन्ही एकमेकांशी जोडून टाकलं, आणि कुणालाही जोडावंसं वाटलंच असतं.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. दुपारी समोरच्या दारातून निळ्या गणवेशातली माणसं रस्ता ओलांडून यायची आणि इर्माच्या दारात रांग लागायची. आत गुडघ्याला गुडघा लागायचा. काचांवर वाफ धरायची, कोबी आणि मिऱ्यांचा वास कोटांना चिकटून घरापर्यंत यायचा. इर्मा आतल्या खिडकीतून ओरडायची, ए उंच, तुझं झालं असेल तर ऊठ, इथे लोक उभे आहेत. तिथे जेवणाऱ्या आम्हा कुणालाच नावं नव्हती. उंच, चष्मा, दोन वाट्या, सूप-नको. नावाने हाक मारली तर लोक चमकून बघायचे, की आपलं काही चुकलं का.

मग साथ आली. बिलं करणाऱ्यांना कंपनीने संगणक देऊन घरी पाठवलं, आणि साथ गेल्यावरही ती घरीच राहिली. कुणाचं घर पलीकडच्या गावात, कुणाचं दुसऱ्या जिल्ह्यात. वरच्या दोन मजल्यांवर संध्याकाळी दिवे लागेनासे झाले. मेन स्ट्रीटवरचं पिझ्झाचं दुकान गेलं, मग बेकरी, मग उरलेली दोन. इर्माची खानावळ तेवढी राहिली. सकाळी सहाला दिवा, दुपारी चारदोन माणसं, तीनला खुर्च्या टेबलांवर उलट्या. इर्माच्या डाव्या खुब्याचं हाड झिजलं होतं. टेबलांच्या कडांना धरत धरत ती चालायची, जहाजावर चालावं तशी.

आणि या वर्षी जानेवारीत हाडवाल्यांनी करारात बदल मागितला. त्यांच्याकडून मेरेडिथ क्रॅन नावाची बाई नगरपालिकेच्या समितीपुढे आली होती, सर्दीने लाल झालेल्या नाकाची, नम्र. तिने काही लपवलं नाही. ठरल्याइतकी माणसं इमारतीत आणता येत नाहीत, तेव्हा आकडा कमी करा आणि मुदत वाढवा. आणि ते स्वयंपाकघराचं कलम काढा. आत चांगलं, फुकट जेवण ठेवलं तर माणसं आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी परत येतील असं आम्हाला वाटतं. नाही जमलं तर वरिष्ठांचा डोळा हायवेलगतच्या जमिनीवर आहे. ती जमीन आमच्या शिवेपलीकडे आहे, आणि तिथे असा कर नाही, हे समितीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मार्लाने आकडा ऐकला, मुदत ऐकली, आणि मान डोलावली. कलमाचं ऐकल्यावर तिने चष्मा काढून पुसायला घेतला, आणि समितीची बैठक संपेपर्यंत ती तो पुसतच होती.

आमच्याकडे प्रत्येक ठराव तीन सभांमध्ये तीनदा वाचला जातो. पहिल्या दोन वाचनांना कुणी फिरकत नाही, आणि तिसऱ्याला अर्धं गाव येऊन विचारतं की हे आम्हाला आधी का सांगितलं नाही. पहिलं वाचन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वेंट वकिलांनी मार्लाला बोलावून घेतलं. या ठरावापुरतं तुला खुर्चीवरून उठावं लागेल, ते म्हणाले. सभागृहाबाहेर जाऊन बसायचं, मत नाही, चर्चा नाही, आणि बाकीच्या सहा जणांशी या विषयावर एक शब्दही नाही.

मार्ला म्हणाली, मागे तर तुम्हीच चालेल म्हणाला होतात.

"मागे पाच खानावळी होत्या. आता एकच उरलीय आणि ती तुझ्या बहिणीची आहे. कलम तेच आहे मार्ला, पण आता ते एका घरापुरतं झालंय. मी काय करू?"

"पेट्रोल पंपावर ते सॉसेज फिरत असतात की मशीनमध्ये. लोक खातात."

वेंट यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, त्या सॉसेजला मी शपथेवर जेवण म्हणू शकणार नाही."

"चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळतात."

"फक्त ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आणि त्याचं बिल नसतं, पेटीत टाकायचं असतं." मग ते जरा मऊ झाले. "मेन स्ट्रीटवर अजून एक जरी ठिकाण असतं ना, खरंखुरं, तर मी काहीतरी लिहून दिलं असतं."

ते वाक्य त्यांनी सांत्वन म्हणून म्हटलं होतं. मार्ला ते कामाची यादी समजून घरी घेऊन आली.

पुढचे काही आठवडे मार्ला हुडाक, बहिणीची खानावळ वाचवण्यासाठी, बहिणीच्या समोर दुसरी खानावळ काढायला माणूस शोधत हिंडली. शाळा सुटली की ती मळकी हिरवी गाडी काढायची आणि बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठाने पांढऱ्या पडलेल्या रस्त्यांवरून एकेकाच्या दारात जायची. पिझ्झावाल्या डॅनी ओर्बनकडे गेली. तो आता बर्फ काढायची कामं घेतो. त्याने तिला आत बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मी एकदा बुडालोय, मला त्याची चव माहीत आहे. बेकरीवाल्या विधुराकडे गेली, तर त्याची भट्टीच विकली गेली होती. शाळेतल्या आपल्याच हाताखालच्या बाईला तिने विचारलं की तू कोबीच्या पानांत सारण भरून छान गुंडाळ्या करतेस, एक छोटं दुकान का नाही काढत, जागा मी बघते. ती बाई म्हणाली, इर्माच्या समोर? मला काय वेड लागलंय का? आणि तुला लागलंय का?

मार्लाला ते कळत नव्हतं असं नाही. एकदा गाडी रस्त्याच्या कडेला लावून ती बराच वेळ नुसती बसली होती. कुठे जायला निघालो होतो, ते तिला आठवत नव्हतं. पण थांबलं तर त्या खोलीतली इर्मा डोळ्यांपुढे यायची, आणि ती पुन्हा किल्ली फिरवायची.

गाव लहान आहे. ही गोष्ट इर्माच्या कानावर जायला दोन दिवसही लागले नाहीत. पुढच्या वेळी मार्ला खानावळीत शिरली तेव्हा आत एकटा टपालवाला बसला होता.

"या, नगरसेवकबाई," इर्मा आतूनच म्हणाली. "ऐकलं की माझ्यासमोर दुकान काढायला माणसं गोळा करताय. काय विकणार? सूप की माझी अब्रू?"

टपालवाल्याने वाटीत मान घातली. मार्लाने समजावून सांगायचा प्रयत्न केला: एक खानावळ निघाली तर मला आत बसता येईल, आत बसता आलं तर कलम वाचवता येईल. सांगताना ते तिचं तिलाच वेडगळ वाटलं. इर्मा टेबल पुसत होती, स्वच्छच असलेलं. पुसता पुसता तिने कड घट्ट धरली आणि एक पाय हलका करून उभी राहिली.

मार्ला म्हणाली, समोर हाडांचे डॉक्टर आणि तू अशी चालतेस.

"ऑपरेशन झालं की दोन-तीन महिने घरी. दुकान कोण उघडणार, तू?"

"तू काळजी करू नकोस. मी आहे ना. मी सोडणार नाही ते कलम."

"माहितीये मला," इर्मा म्हणाली. ती आणखी काही बोलणार होती. पण मार्लाने घड्याळात बघितलं, कोटाची बटणं लावायला घेतली, आणि इर्माने फडकं पिळून नळावर वाळत घातलं.

तिसरं वाचन फेब्रुवारीतल्या सोमवारी होतं. गावाला लागून असलेल्या मोठ्या तळ्यावरून वारा येत होता आणि लोक बूट आपटत सभागृहात शिरत होते. विषय पुकारल्यावर मार्ला उठली. सभापती डेल फॅरो यांनी नियमाप्रमाणे म्हटलं की तिसऱ्या प्रभागाच्या सदस्या या विषयातून स्वतःला बाजूला ठेवत आहेत. ती दोन रांगांमधून बाहेर चालत गेली. सगळे वाट देताना पाय आत घेत होते. आजारी माणसाला देतात तशी वाट.

बाहेरच्या दालनात एक लाकडी बाक आहे आणि त्याच्या वर भिंतीत स्पीकर. गर्दी झाली तर बाहेरच्यांना आतलं ऐकू यावं म्हणून तो बसवलेला. मार्ला त्या बाकावर बसली. स्पीकरमधून ठरावाचं वाचन ऐकू येत होतं, एका सुरात, दमलेल्या आवाजात.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडून इर्मा आली. चर्चला जायचा काळा कोट, ओठांना लाली. टपालवाल्याने तिला आणून सोडलं होतं.

"तू इथे कशी?" मार्ला उठायला लागली.

"सभा सगळ्यांना खुली असते ना? बस तू." आणि भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत ती आत गेली.

आमच्याकडे कुणीही नागरिक उभा राहून तीन मिनिटं बोलू शकतो. आधी नाव आणि पत्ता सांगायचा, सगळ्यांना माहीत असला तरी. मेरेडिथ क्रॅन बोलली. एक म्हातारे गृहस्थ बोलले, त्यांना दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलायचं होतं. मग थोडा वेळ स्पीकरमधून नुसती खरखर आली, आणि मार्लाने आपल्या बहिणीचा आवाज ऐकला.

"इर्मा सोबोटा, एकोणीस, चेस्टनट स्ट्रीट. पत्ता तुला ठाऊक आहे डेल, पण सांगावा लागतो म्हणून सांगते. ते कलम काढून टाका."

आत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"माझं हाडवाल्यांशी भांडण नाही. चांगली पोरं होती. आपापल्या वाट्या उचलून आणून द्यायची. आता चारदोन येतात, तीही मला वाईट वाटू नये म्हणून. दया म्हणून प्यावं इतकं वाईट सूप मी करत नाही. गस गेला तेव्हाच मी दुकान विकणार होते. दलालाशी बोलणंही झालं होतं. तेवढ्यात गावाने माझ्या सूपासाठी कायदा केला. आता तुम्हीच सांगा, आपल्यासाठी कायदा झाल्यावर माणूस दुकान बंद कसं करणार? तोंड कुठे दाखवणार? म्हणून उघडलं. मग रोजच उघडत राहिले."

मग आवाज माइकच्या जवळ आला.

"माझी बहीण बाहेर बाकावर बसलीय. तिथे स्पीकर आहे, मला माहितीये. घरी सांगायला गेलं की ती वाद घालते. इथे तिला गप बसून ऐकावं लागतं." एकदोघे हसले आणि लगेच थांबले. "मार्ले, मी दमलेय गं. दुसरं काही नाही."

डेल फॅरो यांनी घसा खाकरून सांगितलं की अजून एक मिनिट शिल्लक आहे.

"राहू दे," इर्मा म्हणाली. "तुम्हीच ठेवा."

मतदान झालं. सहापैकी पाच जणांनी हो म्हटलं. एकाने नाही म्हटलं, पण तो प्रत्येक ठरावाला नाहीच म्हणतो. दार उघडून कारकुनाने मार्लाला आत बोलावलं, कारण पुढचा विषय सुरू होत होता. ती जाऊन खुर्चीवर बसली. इर्मा शेवटच्या रांगेत हातात हातमोजे धरून समोर बघत होती. पुढचा विषय रस्त्यांवर टाकायच्या मिठाच्या खरेदीचा होता. मार्लाचं नाव दोनदा पुकारावं लागलं, आणि तोवर सगळे कागदात बघत राहिले. मग तिने हो म्हटलं.

सभा संपल्यावर तिने इर्माला गाडीत बसवलं. काचेवर बर्फ धरला होता. इंजिन सुरू करून दोघी ते वितळायची वाट बघत बसल्या. हीटरची ऊब येईपर्यंत आत बाहेरच्याइतकंच गार होतं.

"दलालाशी बोलली होतीस?" मार्लाने विचारलं.

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"किती खुश होतीस तू. पेपरात फोटो आला होता. वाटलं, वर्षभर चालवू, मग सांगू. मग रांगा लागायला लागल्या. मग रांगा गेल्या, तेव्हा तर सांगणं आणखीच अवघड झालं."

मार्लाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मला वाटायचं तू परत तशी पडशील. त्या खोलीत. पडदे लावून."

इर्मा तिच्याकडे वळली. वळताना खुबा दुखला असावा, कारण तिने दात आवळले.

"मी झोपत होते गं. लग्न झाल्यापासून पहाटे चारला उठत होते मी. नवरा गेला होता, रडू येत होतं, आणि भयंकर झोप येत होती. उठून रडायचे आणि परत झोपायचे. आणि तू रोज येऊन पडदे उघडायचीस."

काचेच्या तळाशी एक अर्धगोल स्वच्छ झाला, मग तो वर सरकत गेला. सभागृहातले दिवे एकेक मालवले जात होते. शेवटी ती म्हणाली, "मग आता दिवसभर करशील काय?"

"मला काय माहीत? तू चालव गाडी."

ठराव महिन्याभराने लागू झाला. समोरच्या इमारतीत स्वयंपाकघर अजून झालेलं नाही. तळमजल्यावर दोन मोठे फ्रीज आलेत आणि त्यात प्लास्टिकच्या डब्यांतलं गारेगार सॅलड असतं, असं आत जाऊन आलेले सांगतात. वरच्या मजल्यांवर दिवे अजूनही क्वचितच दिसतात. इर्माने त्याच्याही आधी, एका बुधवारी, पातेल्यातलं संपल्यावर दाराला कुलूप लावलं. पाटी लावली नाही, निरोप घेतला नाही. गुरुवारी टपालवाला दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि पत्रं आत सरकवून गेला.

त्याच गुरुवारी, शाळेकडे जाताना, खानावळीत दिवा दिसला नाही म्हणून मार्लाने गाडी चेस्टनट स्ट्रीटला वळवली. अजून नीट उजाडलं नव्हतं. एकोणीस नंबरच्या घरात एकही दिवा नव्हता, आणि पायरीवरच्या बर्फात पावलं नव्हती. घराची किल्ली तिच्या जुडग्यात होती. ती तिने बोटांत धरली, सोडली, परत धरली. मग फोन लावला. तो बराच वाजला.

"काय झालं?" इर्माचा आवाज घोगरा होता.

"काही नाही."

"कुठे आहेस?"

"शाळेत."

वरच्या खिडकीत काही हललं, किंवा हलल्यासारखं वाटलं.

"शाळेत का? मग माझ्या दारात कुणाची गाडी घुरघुरतेय?"

मार्लाने इंजिन बंद केलं.

"जा गं कामाला," इर्मा म्हणाली. "मी इथेच आहे. कुठे जाणारे?" आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी शाळेत मुलांना नाश्ता उशिरा मिळाला.